वंदनाचा फॉर्म मी भरला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, धाकट्या बहिणीला नाही. एकदा सांगायला तोंड उघडलं होतं — आणि मग चहा झाला का, असं विचारून मिटलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

कुठून सुरुवात करू? फॉर्मपासूनच करते.

मी भातसानगरच्या कॉलनीत वाढले. बाबा धरणावर नोकरीला. शाळा शहापूरला, इंग्रजी माध्यमाची. कॉलनीत आणि आसपासच्या पाड्यांवर इंग्रजी शाळेत जाणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे आठवीपासून सगळ्यांचे फॉर्म माझ्याकडे यायचे. बँकेचे, गॅसचे, कॉलेजच्या प्रवेशाचे. माणसं पेन घेऊन दारात उभी राहायची. मी भरायचे, आणि सही करायची तिथे पेन्सिलने फुली मारून द्यायचे. मी काय लिहिलंय ते कुणीही वाचून बघत नसे. बघणार कसं? मी फारशी बोलायची नाही. लोकांना वाटायचं, मुलगी शांत आहे म्हणजे भरवशाची आहे.

बारावीनंतर मला किन्हवलीच्या पुढे, मुरबाडच्या रस्त्यावर एका शेतघरात काम मिळालं. तिथले सर नौदलातून निवृत्त झालेले. त्यांनी आवारात खोल टाकी बांधली होती आणि शनिवार-रविवारी मुंबईच्या लोकांना पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवत. मी पत्रं आणि बुकिंग बघायचे. वंदना टाकी साफ करायची, मास्क आणि नळ्या धुऊन वाळत घालायची. ती डोळखांबच्या वरच्या पाड्यातली, माझ्याच वयाची. नदीत पोहून मोठी झालेली. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "धरणावर राहतेस नि पवता येत नाय? मुंबईला पाणी पाजता, नि तुमी कोरडेच गो!"

शिकायला येणाऱ्या बायकांना पाण्यात सोबत बाईमाणूस हवं असायचं. म्हणून सरांनी आम्हा दोघींनाही शिकवलं. आधी मला नुसतं पोहायला, मग बाकीचं. शेवटच्या चार बुड्या समुद्रात माराव्या लागतात, त्यासाठी सर आम्हाला मालवणला घेऊन गेले.

तिथे तिसऱ्या बुडीला माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं. करायचं काय ते मला पाठ होतं. मी केलं नाही. मी वर पळायला लागले — तसं करायचं नसतं, फुप्फुसं फाटू शकतात — आणि वंदनाने माझा पट्टा धरला. दोन्ही हातांनी धरून मला समोर ठेवलं, माझ्या डोळ्यांत बघत राहिली. तिचा श्वास चालला तसा हळूहळू माझा चालू झाला. सर पुढे होते, त्यांनी पाहिलं नाही. वर आल्यावर मी थरथरत होते. ती सरांना म्हणाली, "थंडी वाजली तिला." बस, एवढंच. मला बुडी मारायच्या परवान्याचं कार्ड मिळालं ते तिच्या या एका वाक्यावर.

तिने तिचं कार्ड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आईच्या पेटीत, रेशनकार्डासोबत ठेवलं.

मग सुट्टीचा बेत सुरू झाला. कर्नाटकात मुरुडेश्वरला जायचं, तिथून बोटीने नेत्राणी बेटावर. शिकाऊ म्हणून नाही, कार्डवाल्या म्हणून. तीन दिवस, सहा बुड्या. सरांच्या ओळखीचे एक जण तिथे लोकांना बुडीला नेत. त्यांना बोटीवर काम करायला एक मुलगी हवी होती, आणि सरांनी वंदनाचं नाव सुचवलं होतं. तिला पाण्यात बघायचं, आवडली तर पुढच्या हंगामापासून ठेवायचं. म्हणजे माझ्यासाठी सुट्टी होती. तिच्यासाठी — तुम्हाला कळलंच असेल. तिच्या घरी स्थळं बघायला लागले होते.

रोज दुपारी डबा खाताना ती वहीत यादी करायची. गाडी कुठली, कानात पाणी गेलं तर कुठलं औषध, बोटीत मळमळलं तर काय. कासव दिसलं तर हाताची खूण कशी करायची ते मला करून दाखवायची, आणि मी चुकले की हसायची. तिच्या वडिलांनी एकाच अटीवर होकार दिला होता — "इंग्लिशवाली संगती हाय ना? मग जा."

आणि मला जायचं नव्हतं.

मला पुन्हा त्या पाण्याखाली जायचं नव्हतं. टाकीत उतरतानाही मी काठ लवकर सोडत नसे. पण 'मला भीती वाटते' हे तीन शब्द मी कुणाला म्हणू शकले नाही. का? मी नाही म्हटलं असतं तर तिचंही जाणं थांबलं असतं, आणि ते माझ्यामुळे थांबलं हे सगळ्यांना दिसलं असतं. थांबायचंच असेल तर ते तिच्या बाजूने थांबावं, असं मला वाटलं. हे मी शांतपणे ठरवलं. रागाच्या भरात नाही.

मुरुडेश्वरहून तब्येतीचा फॉर्म आला. पंचवीसेक प्रश्न, पुढे 'हो' आणि 'नाही'चे चौकोन. एक प्रश्न होता — कधी फिट आली होती का?

वंदनाला चार वर्षांची असताना तापात एकदा झटका आला होता. त्यानंतर कधीच नाही. सरांच्या कोर्सचा फॉर्म भरताना तिने मला ते सांगितलं होतं. तेव्हा मीच म्हटलं होतं, एवढ्याशासाठी कशाला, आणि 'नाही'वर खूण केली होती. मीच.

या वेळी मी 'हो'वर केली.

खाली तपशिलासाठी दोन ओळी होत्या. चौथं वर्ष, ताप, एकदाच — एवढं त्यात सहज मावलं असतं. मी त्या कोऱ्या ठेवल्या. शहापूरच्या स्टँडजवळ फॅक्सच्या दुकानात ती माझ्या शेजारी उभी होती. "सगलं बरोबर हाय ना गो?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने फुलीवर सही केली.

खरं तेच तर लिहिलं, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं. पण एकाच हाताने, एकाच माणसाबद्दल, एकाच प्रश्नाला दोन उत्तरं दिली होती. दोन्ही वेळा खऱ्याखोट्याशी मला काही देणंघेणं नव्हतं.

चार दिवसांनी उत्तर आलं. पाण्याखालच्या आजारांची माहिती असलेल्या डॉक्टरचं प्रमाणपत्र आणल्याशिवाय हिला नेता येणार नाही. ते इंग्रजीत होतं, माझ्या ईमेलवर होतं. वंदनाला मी सांगितलं, जागा भरल्या म्हणतात. "मग दिवाळीनंतर जाऊ," ती म्हणाली.

पण त्यांनी सरांनाही कळवलं होतं. हा विचार मी केलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी आम्हाला टाकीजवळ बोलावलं. त्यांच्या हातात दोन्ही फॉर्म होते, कोर्सचा आणि तिकडचा. त्यांनी वंदनाला विचारलं, फिट येते हे माझ्यापासून का लपवलंस?

तिने माझ्याकडे पाहिलं. फार तर एक क्षण. मी टाकीच्या फरशीकडे बघत होते.

"मीच सांगितलं तिला, सर," ती म्हणाली. "पयल्या येळी मीच बोलले, नाय लिव म्हणून. तिचा काय दोष नाय."

सर म्हणाले, पाण्याच्या बाबतीत खोटं बोलणारं माणूस मला इथे चालणार नाही. तिचं काम गेलं. त्यांनी कार्डही परत मागितलं, आणि दोन दिवसांनी तिने ते आणून दिलं. पण त्या सकाळी, तिथेच टाकीजवळ, सर माझ्याकडे वळून म्हणाले, "तू दुसऱ्या वेळी तरी खरं लिहिलंस. बरं केलंस."

आणि मी म्हटलं, "थँक यू, सर."

बोलायला किती वेळ लागला असता? एक वाक्य होतं. मराठीत, इंग्रजीत, कशातही. टाकीपासून फाटकापर्यंत मी तिच्यामागे चालत गेले, तोवरही बोलता आलं असतं. एसटी यायला अर्धा तास होता. तो अर्धा तासही मी तिच्या शेजारी उभी होते.

एसटी दिसली तेव्हा तीच बोलली. "तुला मागाहून भीती वाटली असंल माझ्यासाठी, म्हणून लिवलंस ना? बरं झालं गो. खाली काय झालं असतं तर तुझ्यावर आलं असतं."

मी मान हलवली. म्हणजे हो म्हटलं. तेही खोटंच.

त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. आता ती सासरच्या गावात शाळेत खिचडी शिजवते. बोटीवर कुणीतरी दुसरी मुलगी लागली. मी त्यानंतर पाण्यात उतरले नाही, आणि का उतरत नाहीस असं मला कुणी विचारलं नाही.

मला इंग्रजीत लिहिणं सोपं जातं. हे तसं लिहिलं असतं तर दोन वर्षांपूर्वीच लिहून झालं असतं. पण वंदनाला ते वाचता आलं नसतं. पुन्हा कुणीतरी तिला वाचून सांगितलं असतं, आणि त्याने सांगितलं तेच तिला खरं मानावं लागलं असतं. मराठी ती वाचते. तिचं नाव मी बदललेलं नाही.