पायाला बांधलेली चिठ्ठी

वासुदेवराव गेल्याचं मला कॉलेजच्या ग्रुपवर कळलं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मीही दोन हात टाकले आणि फोन उलटा ठेवला. आमच्या प्राणिशास्त्र विभागाचे ते परिचर. मेलेल्या पक्ष्याच्या कातड्यात कापूस भरून नमुना करावा, तर त्यांनीच.

एका वादळानंतर पवनारला, धाम नदीच्या काठी, त्यांना एक पक्षी मरून पडलेला दिसला. कबुतराएवढा, वरून काळा, पोटाशी पांढरा, चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या. लहान शिअरवॉटर, भर समुद्रावरचा, वाऱ्याने थेट वर्ध्यात आणून टाकलेला. त्यांनी नमुना केला आणि पायाला चिठ्ठी बांधली : जागा, तारीख, ‘शेपटीखाली काळा’. तपासणी समिती यायची होती. मला त्यांच्या गिचमिड अक्षराची लाज वाटली. मी चिठ्ठी कापून टाकली आणि छापील बांधली. तीवर जागा-तारीख नव्हती, फक्त पक्ष्याचं पुस्तकातलं नाव होतं, आणि ‘संग्राहक’ म्हणून माझं.

“काऊन काढली सर? जुनी चिठ्ठी कधी काढत नाई,” ते म्हणाले.

“पक्षी तोच आहे ना?” मी म्हणालो. हे मी, दरवर्षी वर्गीकरण शिकवणारा.

गेल्या वर्षी एका संशोधक मुलीचं पत्र आलं. हे छोटे शिअरवॉटर दिसायला सारखे, म्हणून आपण सगळ्यांना एकाच जातीत कोंबलं होतं. जनुकं तपासल्यावर कळलं, की जुळे दिसणारे अनेकदा सख्खे नसतातच. नातं बरंचसं पक्षी कोणत्या समुद्रातला, यावरून ठरतं. ‘तुमचा नमुना कुठे, कोणत्या दिवशी मिळाला?’ पवनार आठवत होतं, तारीख नाही... आणि आठवण हा काही पुरावा नसतो. वासुदेवराव निवृत्त होऊन पवनारलाच होते, बसने अर्ध्या तासावर. मी गेलो नाही. विचारायला तोंड नव्हतं.

गेलो तो तेरवीला. वहिनींनी त्यांच्या चष्म्याचं घर माझ्या हातात ठेवलं. आत ती चिठ्ठी, दोऱ्यासकट.

“कचऱ्याच्या डब्यातून उचलली होती त्याईनं,” त्या म्हणाल्या. “परत देल्ली तर सरायले वाईट वाटन, म्हणत.”

दुसऱ्या दिवशी मी ती पुन्हा पक्ष्याच्या पायाला बांधली, त्या संशोधक मुलीला उत्तर पाठवलं. मग माझी चिठ्ठी कापायला कात्री उचलली... आणि खाली ठेवली. जुनी चिठ्ठी काढत नाहीत, चुकीची असली तरी. कपाटात आता एकाच पायाला दोन्ही लोंबतात. त्यांच्या चिठ्ठीवर जागा आहे, तारीख आहे, त्यांचं नाव कुठेच नाही. माझ्या चिठ्ठीवर संग्राहक मी आहे.