ग्रॅनाइटवर मूठभर तांदूळ

ओट्यासाठी ग्रॅनाइट घ्यायला गोंदियाला गेलो, तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये टाइल्सचा फोटो होता. रंग जुळला की सुटलो, असा माझा हिशेब. दुकानात माझ्याआधी कामठ्याकडचे एक म्हातारे शेतकरी आलेले होते. रुमालाच्या गाठीतून ते न निवडलेले तांदूळ काढायचे, दगडावर पसरायचे, वाकून निरखायचे आणि दाणा न् दाणा गोळा करून पुढच्या दगडाकडे जायचे.

"काका, ये क्या कर रहे हो?" दुकानदारानं हसत विचारलं.

"काळ्यावर खडा लपून राहिला, पांढऱ्यावर तांदूळच दिसत नाही."

त्यांच्या बायकोला गुडघ्यांमुळे आता खाली बसता येत नव्हतं. नजरही पूर्वीची राहिली नव्हती. यापुढे ती तांदूळ ओट्यापाशी उभ्यानंच निवडणार होती.

शेवटी एका तांबूस दगडावर त्यांना तांदूळ आणि खडा दोन्ही दिसले. मग दुकानदारानं कडांचे नमुने दाखवले. म्हाताऱ्यानं प्रत्येक कडेला पोट टेकवून पाहिलं.

"गोलच करा. ती टेकून उभी राहते."

मला राहवलं नाही. "काकूंनाच घेऊन यायचं होतं ना!"

"तिले आणलं असतं त मले आवडला तोच घेतला असता तिनं," रुमालाची गाठ मारत ते म्हणाले.

ते गेले. मी मोबाइल खिशात घातला, आणि कोणी बघत नाही असं पाहून त्या गोल कडेला पोट टेकवून उभा राहिलो.