निळ्या घागरीचं लाल ठिगळ

आमच्या घरात प्लॅस्टिकचं काही टाकायचं नाही, असा कायदाच होता. तेलाचा डबा कापला की त्यात मीठ. खताची पिशवी धुऊन उलटी केली की पावसात डोक्यावर घ्यायला खोळ. अगदीच काही उपयोग उरला नाही, तर ते पडवीतल्या गोणीत, भंगारवाल्या चाचांसाठी. चाचा बुरोंडीकडून यायचे, पाठीवर पोतं आणि हातात सुकटीची टोपली. फुटक्या प्लॅस्टिकच्या बदल्यात मूठ-दोन मुठी सुकट मिळायची आणि त्या दुपारी अख्खी वाडी घमघमायची.

ऐंशीनंतरची गोष्ट आहे. मी नऊ वर्षांची. त्या उन्हाळ्यात आईचं खेडला पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, तीन महिने हंडा उचलायचा नाही, आतले टाके तुटले तर परत पोट उघडावं लागेल. बाबांची नोकरी मुंबईला. रजा संपवून जाताना त्यांनी आईला एक निळी प्लॅस्टिकची घागर आणून दिली. फुलासारखी हलकी. अर्धी भरून हळूहळू आणायची, असं ठरलं. विहीर होती पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या तळाला. मी माझी टीचभर कळशी आणायचे, पण घरात म्हैस. तिला माझी कळशी म्हणजे दात ओले व्हायलासुद्धा पुरायची नाही.

आता माझा पराक्रम ऐका. विहिरीवर जाताना रिकामी घागर मी न्यायचे, पण ती हातात कशाला धरायची? मी ती पाखाडीवरून घरंगळत सोडायचे आणि तिच्यामागून धावायचे. एका संध्याकाळी मी एकटीच गेले होते, तेव्हा तळाच्या कातळावर ती अशी आपटली की बुडाला बोटभर चीर गेली. माझं धाबंच दणाणलं. घरी येऊन ती गुपचूप गोणीमागे सरकवली. दुसऱ्याच दिवशी आई आत पडली होती आणि चाचांची हाक आली. मी गोणी दिली, घागरही दिली. ओंजळभर सुकट मिळाली. आईला सुकट म्हणजे जीव की प्राण. म्हटलं, सुकट बघून विसरेल! काय ती माझी अक्कल!

आई उठली. घागर दिसेना, तशी तिनं सरळ तांब्याचा हंडा कमरेवर घेतला. मी किंचाळलेच, "आई, नको गो!"

"मग म्हशीला काय पाजू? घागर कुठं आहे?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. पण ती हंडा घेऊन पायरीवर बसली आणि एवढंच म्हणाली, "सांज होईपर्यंत मी थांबते. मग मात्र हा हंडा उचलणार." त्यापेक्षा धपाटा परवडला असता.

मी अनवाणी धावत सुटले. चाचा पुढच्या वाडीत फणसाखाली बसले होते. मिळालेलं प्लॅस्टिक दगडानं ठेचायचं म्हणजे पोत्यात मावतं, अशी त्यांची रीत. समोर नुसता चुरा पडलेला. मी त्यात निळे तुकडे शोधू लागले. मग दिसलं, घागर बाजूला नीट टेकवून ठेवली होती.

"ही नाय ठेचली," ते म्हणाले. "सांधून घरी नेणार होतो. आमच्या हिलापण पाणी लांबून आणावं लागतं."

मी हुंदके देत आईचं ऑपरेशन, टाके, हंडा, सगळं सांगितलं. सुकट आईच्या पायाशीच राहिली होती, परत द्यायलाही हातात काही नव्हतं. चाचांनी घागर उचलली. "चल बाय. चूल पेटती आहे ना घरी?"

त्यांनी आईचं भाकरीचं उलथनं मागून घेतलं आणि निखाऱ्यात तापवलं. आई म्हणाली, "अहो, भाकरीचं आहे ते!" तरी दिलं. मग पोत्यातला एकेक तुकडा त्याच्या टोकाला टेकवून ते वास बघायला लागले. पांढऱ्या पाइपाचा तुकडा लावला तशी माझ्या नाकपुड्यांची झोंबून आग झाली. "हे नाय जुळायचं." लाल मगाचा तुकडा लावला. "मेणबत्तीसारखा वास येतोय ना? घागरीचापण तसाच. हे एकमेकांना धरतील." तुकडा चिरेवर ठेवून त्यांनी कडा अशा दाबून विरघळवल्या की निळ्यात लाल मिसळून गेलं. थंड झाल्यावर घागर भरून कोरड्या मातीवर ठेवली. आम्ही तिघंही मातीकडे बघत बसलो. माती कोरडीच राहिली.

आई सुकट परत द्यायला लागली, ती काही त्यांनी घेतली नाही. गूळ-पाणी घेतलं आणि पोतं उचललं. ते गेल्यावर मी आईला सांगितलं, ती घागर ते आपल्या बायकोसाठी नेणार होते. आईनं पदरानं डोळे पुसले.

गणपतीला बाबा आले ते नवी कोरी हिरवी घागर घेऊन. आईनं पत्र घालून मागवली होती. ती तिनं कुणाला वापरू दिली नाही, फडताळावर ठेवून दिली. मला वाटलं, मी फोडेन म्हणूनच ठेवली.

पाऊस सरला आणि चाचांची हाक आली. आई लगबगीनं बाहेर गेली. त्यांनी आधी विचारलं, "ठिगळ गळत नाय ना?"

"नाही हो. घागर धड आहे नि मीपण धड आहे," असं म्हणून आईनं हिरवी घागर त्यांच्या हातात दिली. "ही तुमच्या घरात न्या."

चाचा गडबडले. "अहो, नवी तुम्ही ठेवा. ती जुनी द्या मला."

आईनं जुनी घागर चटकन कमरेवर घेतली. "ती नाही हं मिळायची," ती म्हणाली आणि पाण्याला निघाली.