'रडू' आणि 'नको'

माझा धाकटा भाऊ देवळीत वेल्डिंगचं दुकान चालवतो. फाटकं बनवणं त्याचं रोजचंच काम. पण नाचणगावच्या आमच्या अंगणात त्याने मधोमध फाटक रोवलं, आणि त्याला भिंतच नाही! दोन पल्ले, आजूबाजूला सगळं मोकळं. मला आधीच चौकशीचा रोग. शाळेत शिकवून आले तशी पिशवीसकट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"काऊन रे, याच्यातून जायचं कुठं?"

"वाचून तर पाह्य, ताई."

वखराच्या जुन्या पासा, म्हणजे खालची लोखंडी पाती, कापून अक्षरं जोडली होती. डाव्या पल्ल्यावर 'रडू', उजव्यावर 'नको'.

"लोकं देवाची मूर्ती बनवतेत, मी बोलण्याची बनवली," तो म्हणाला. "माय गेली तवा सारे मले हेच म्हणत होते. किती जड आहे, ते पाह्याचं होतं."

मी 'नको' ढकललं. पल्ला मागे गेला आणि समोर नुसतं 'रडू' उरलं. बाप्पा!

माय गेली त्या दिवशी "माणसाच्या जातीनं रडू नाई" असं पहिल्यांदा बोलले होते बाबाच. स्वतःही रडले नाहीत. तेव्हापासून बापलेकांत कापूस न् सोयाबीन सोडून शब्द नव्हता.

"बाबाले राग आला तर?"

"येऊ दे. काही तर बोलतीन."

बाबा बोललेच नाहीत. फाटकाला वळसा घालून शेतात जायचे, तसेच परत यायचे. शेजारचे काका म्हणाले, "लेकानं बापाची इज्जत अंगणात टांगली." मला असा संताप आला! बाबा वळसा घालत, तेव्हा भाऊ नुसता पाहत राहायचा, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोघांनाही.

मग एका सकाळी बाबा थांबले. त्यांनी 'नको'ला हात लावला. पावसात गंजलेला पल्ला हलेना.

"हे 'नको' लय जाम झालं रे," त्यांनी हाक मारली.

भाऊ धावला. दोघांनी खांदा लावला, तेव्हा कुठे ते करकरत सरकलं. बाबांनी समोरचं 'रडू' वाचलं, ओट्यावर बसले, खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड घातलं आणि मोठ्यानं रडले. मी कधी ऐकला नव्हता तो आवाज.

भावाला काय करावं कळेना. परत लागू नये म्हणून तो पल्ला घट्ट धरून उभा.

दुपट्ट्यातूनच बाबा म्हणाले, "सोड ते. ये, तू बी बस."