झाकून ऐकलेली गोष्ट

मावशी मोबाइलवर चिंधी टाकायची. शिलाई मशीनच्या डाव्या अंगाला, दोऱ्याच्या रिळांना टेकवून तो मोबाइल उभा असे. त्यावर हिंदीत बोलणारं जपानी कार्टून आणि पायाखाली मशीन, दोन्ही एकदमच चालायचं. मधेच तिच्या कपाळाला आठी पडायची, हात अस्तराच्या कात्रणांत जायचा आणि एक तुकडा पडद्यावर येऊन पडायचा. आवाज चालूच. "गोष्ट इकडं चालू हाय, अन् तू कुठं बघून राहिला रं?" हे त्या कार्टून काढणाऱ्याला. बोलणं पुन्हा गोष्टीवर आलं की चिंधी उचलायची.

तुम्ही म्हणाल, बाई लाजत असेल. छे. उभा जन्म बायकांचे कपडे शिवण्यात गेलेला, तिला कशाची लाज? मी एकदा विचारलंच, तर म्हणाली, "मला न्हाई झाकत. त्या कार्टूनमधल्या पोरीला झाकून राहिले."

सगळं सेनगाव तिला मावशीच म्हणायचं. साखऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाड्याच्या खोलीत तिचं दुकान होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात दोरीवर हिरवा पडदा. मी इथल्या एका खासगी शाळेत मराठी शिकवते. नोकरीला लागले तेव्हा ब्लाऊज शिवून घ्यायला हिंगोलीला गेले होते. तिथल्या टेलर मास्तरने माझ्या अंगाचे आकडे चारचौघांत ओरडून सांगितले आणि दुसऱ्याने ते वहीत उतरवले. बाकावर बसलेली माणसं कान देऊन ऐकत होती. मी तणतणतच परत आले. मग कुणीतरी मावशीकडे धाडलं. ती पडद्याआड नेऊन मुकाट्याने टेप लावायची, आकडे डोक्यात ठेवायची आणि नंतर वही छातीशी धरून स्वतःच लिहायची. माप बोलायचं नसतं, म्हणायची, ज्याचं त्याच्यापाशी.

कार्टूनचा नाद तिला भाचीने लावला. भाची शिकायला बाहेर गेली आणि नाद इथेच राहिला. गोष्ट अशी होती. बंद पडलेल्या एका रेल्वे स्टेशनवर एका पोरीचं भूत राहतं, ते एकाच पोराला दिसतं. तिने आपलं खरं नाव कुणाला सांगितलं की ती कायमची नाहीशी होणार. पोरगा रोज नाव विचारतो, ती रोज नवं खोटं नाव सांगते, आणि असं करता करता दोघांचा जीव एकमेकांत अडकतो. ती खोटी नावं ऐकून मावशी हसायची आणि हसता हसता डोळे पुसायची. पोरीने खरं नाव सांगावं की नाही यावर आमचा दुकानात वाद व्हायचा. ब्लाऊज न्यायला आलेल्या बाया ताटकळत उभ्या राहायच्या.

पण गोष्ट रंगात आली रे आली की त्या कार्टूनवाल्याला काय व्हायचं कोण जाणे. पोरगी नाव सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात वारा सुटून तिचा स्कर्ट उडणार. ती रडायला लागली की चेहरा सोडून भलतंच दाखवणार. पहिल्या भागात पाऊस तिच्यातून आरपार जातो, ती भिजत नाही, आणि त्यावरून पोराला कळतं की ही जिवंत नाही. त्या गोष्टीतली ती सगळ्यात सुंदर जागा. आणि नवव्या भागात तीच पोरगी पावसात चिंब, कपडे अंगाला चिकटलेले.

मावशीने मशीन थांबवली. "पाऊस तिच्यातून आरपार जातो ना? मंग आज काहून भिजली?"

मी म्हटलं, लोकांना बघायला आवडतं, मावशी. ती माझ्यावरच उखडली. "भिजत न्हाई म्हून त्यानंच सांगितलं होतं. सवताचा शब्द मोडला त्यानं. गोष्ट सांगायला बसला का पोरगी बघायला?"

मी वर्गात कथेची संगती वगैरे शिकवते. इतकं नेमकं मला कधी सांगता आलेलं नाही. त्या दिवशी तिने ठरवलं, पुढचं बघायचं नाही. शेवटचा भाग येईल तेव्हा मी बघायचा आणि तिला सांगायचा, तेवढं गाळून.

आता पुढचं मात्र मला गाळता येत नाही, फार मनात असलं तरी.

दर जूनला आमच्या शाळेतल्या मुलींच्या गणवेशाची मापं मावशी घ्यायची. एका वर्गात, दार लावून, एकेकीला. वेळ लागायचा. गेल्या जूनमध्ये संस्थेच्या अध्यक्षांनी बाहेरचा माणूस आणला. मापं तो घेणार, मावशीने फक्त शिवायचं. त्याने व्हरांड्यातच मुलींची रांग लावली. टेप लावायचा आणि आकडा ओरडायचा. लिहून घ्यायला मी होते. समोर नळावर दहावीची पोरं जमली. मी त्यांना एकदा हाकललं, ती परत आली, आणि मी लिहीत राहिले.

नववीतल्या वैष्णवीचा आकडा त्या पोरांनी उचलला. दुसऱ्या दिवसापासून तेच तिचं नाव झालं. गेटवर, जीपमध्ये, फळ्यावर. आठवड्याच्या आत ती यायची बंद झाली. साखऱ्याहून, तिच्या घरून, निरोप आला की पोरगी आता शिकणार नाही, स्थळं बघणं चालू आहे. नववीतली पोरगी, आणि स्थळं. वाह्यातपणा केला पोरांनी, शाळा सुटली हिची.

मापांची यादी घेऊन मी मावशीकडे गेले आणि झालेलं सांगितलं. तिने कागद हातात घेतला, अक्षर ओळखलं.

"मॅडम, तुमी लिहून घेतलं?"

इतक्या हळू आवाजात मला आजवर कुणी झोडपलेलं नाही. मी अध्यक्षांवर, त्या माणसावर, पोरांवर बोलत सुटले. तिने मशीन सुरू केली.

दुसऱ्या दिवशी ती मुख्याध्यापकांच्या खोलीत हजर. ते म्हणाले, एवढं काय त्यात, मापच तर आहे. त्यावर तिने एवढंच विचारलं, की माणूस मोजायला आणला होता का बघायला. मुख्याध्यापक समोरची फाइल उघडून बसले. मीही तिथेच होते, खिडकीबाहेर बघत राहिले. या कागदावरून मी एक टाका घालणार नाही, असं म्हणून तिने यादी टेबलावर ठेवली. काम गेलं.

मग ती जीपने साखऱ्याला गेली, तीनदा. वैष्णवीच्या आईवडिलांशी काय बोलली ते मला ठाऊक नाही. चौथ्या वेळी नुसत्या नजरेच्या अंदाजाने शिवलेला गणवेश घेऊन गेली आणि पोरीला हाताला धरून शाळेच्या गेटातून आत आली. पोरं नळावर होतीच. मावशी त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिने एकेकाला पूर्ण नाव विचारलं, बापाच्या नावासकट. त्यांनी सांगितलं. "आता हिचं सांगा," ती म्हणाली. पोरं खाली बघायला लागली. ती हलली नाही. शेवटी एकेकाने सांगितलं, वैष्णवी. सगळ्यांचं सांगून होईपर्यंत तास सुरू झाला नाही, आणि घंटा द्यायची हिंमत शिपायालाही झाली नाही.

खोलीचं भाडं शाळेच्या कामातूनच निघायचं, ते काम गेलं म्हणजे दुकानच गेलं. अध्यक्षांना गावातल्या एकानेही विचारलं नाही. ज्यांची मापं तिने जन्मभर पोटात ठेवली त्या बायाही गप्प बसल्या. या गोष्टीचा मला अजून संताप येतो, आणि त्या बायांमध्ये मीही होते. दिवाळीच्या आधी खोली सोडून ती वारंगा फाट्याला बहिणीकडे गेली.

मे महिन्यात मी तिला भेटायला गेले. हायवेला लागून असलेल्या दुकानात ती ट्रकच्या सीटांची कव्हरं आणि ताडपत्र्या शिवत होती. मला बघून हसली. "ट्रकचं माप बोंबलून सांगितलं तरी चालतंय, मॅडम."

मी तिला शेवटचा भाग सांगितला. स्टेशनवर पहाट होते, पोरगी पोराचा हात धरते आणि नाव सांगते. अगदी त्याच वेळी त्या मेल्या कार्टूनवाल्याने चित्र तिच्या चेहऱ्यावरून खाली आणलं होतं. ते मी सांगितलं नाही. पण मावशीला काय कळायचं राहतं?

"झाकून ऐकलं ना?"

"ओढणी टाकली होती."

"मंग बराबर ऐकू आलं असंल," ती म्हणाली. उठून आत गेली आणि घडी घातलेला हिरवा पडदा आणून तिने माझ्या मांडीवर ठेवला. जून जवळ आलाय, एवढंच म्हणाली आणि ताडपत्रीकडे वळली.

या जूनमध्ये तोच माणूस आला, व्हरांडाही तोच. मी पडद्याचं एक टोक खांबाला बांधलं. मुख्याध्यापक म्हणाले, हे काय नवीन? मी म्हटलं, मापं मी घेणार. त्या माणसाच्या गळ्यातला टेप मी मागून घेतला. दुसरं टोक बांधायला खिळा नव्हता. दहावीच्या रांगेतून वैष्णवी पुढे आली आणि ते टोक हातात धरून उभी राहिली.

मला शिवणकामातलं काही येत नाही. पहिल्या मुलीचं माप मी तीनदा घेतलं. एकदाही बोलले नाही.