टबाची जागा

दाजींना सगळे टबवाले म्हणायचे. लोकांच्या घरी गरम पाण्याचे मोठे टब बसवायचे आणि बिघडले की दुरुस्त करायचे, हा त्यांचा धंदा. माझ्या बहिणीचा नवरा म्हणून सांगत नाही, पण कामाला चोख माणूस. फक्त एकदा डोक्यात बसलं की कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत. यावरून मी त्यांच्याशी अनेकदा भांडलोय आणि दर वेळी तोंडघशी पडलोय.

ताईचे सांधे आखडत चालले होते. सकाळी तिची मिटलेली बोटं उघडायची नाहीत, गुडघ्यांवर भार देववायचा नाही. रडायची बिचारी, तेही उशीत तोंड खुपसून. डॉक्टर म्हणाले, रोज थोडा वेळ गरम पाण्यात बसवा. झालं! दाजी हट्टालाच पेटले.

प्रश्न होता जागेचा. ताईला टब पुढच्या व्हरांड्यात हवा होता.

"पलंगापासून चार पावलांवर आहे. शिवाय रस्त्यावरची माणसं दिसतील मला," ती म्हणाली.

दाजींनी तिथल्या फरशीवर हातोडी ठोकून पाहिली. "खाली पोकळ आहे. भरलेला टब ठेवायचा म्हणजे व्हरांड्यात मोटार उभी करण्यासारखं आहे. आणि पाणी कुठं सोडू, रस्त्यावर?"

"मग लहान टब आणा की."

"लहान टबात काय नुसते पाय धुणार आहेस?"

मी मध्ये पडलो. "दाजी, खाली भराव घालून घ्या. बसायचंय तिला, सोय तिची बघा."

"तुला यातलं काय कळतं रे?" विषय संपला.

टब गेला मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या पलीकडे. दाजींनी काँक्रीटचा ओटा घातला, वेगळी वायर ओढली, गटाराकडे उतार काढला. ओल्या हाताला लागू नये म्हणून बटण लांब आतल्या भिंतीवर बसवलं. पातळी बघायला तर जमिनीला गाल टेकवून आडवे झाले. नाव ठेवायला जागा नव्हती.

ताईनं एवढंच विचारलं, "अहो, इतक्या लांब मला जमेल का? आणि ही कड केवढी उंच!"

"मी आहे ना," दाजी म्हणाले.

आणि खरंच होते. रोज कामावरून आले की तिला उचलून न्यायचे, पाण्यात बसवायचे, पुन्हा उचलून आणायचे. तिची बोटं सुटायला लागली. एकदा मी गेलो तर ती स्वतःची वेणी स्वतः घालत होती. मला इतका आनंद झाला की मी दाजींची चक्क माफी मागितली. आज त्या माफीचाही राग येतो.

त्यांनी पाण्याचं वजन धरलं होतं, टबाचं धरलं होतं, ताईचंही धरलं होतं. स्वतःच्या कमरेचं वय तेवढं धरलं नाही. एका संध्याकाळी तिला पाण्यात सोडताना त्यांच्या कमरेत उसण भरली आणि ते तिथंच कोसळले. ताईला बाहेर निघता येईना, यांना उठता येईना. दोघंही ओरडली, पण मागच्या अंगणातून पुढच्या रस्त्यावर कुणाला ऐकू जाणार? फोन पुढच्या खोलीत होता. पाण्याजवळ फोन न्यायचा नाही, ही त्यांची कामातली शिस्त. ते कोपरांवर सरपटत निघाले. गरम पाण्यात फार वेळ बसलं की भोवळ येते, हे तेच गिऱ्हाइकांना बजावून सांगायचे.

"स्वयंपाकघर ओलांडेपर्यंत तिच्या हाका येत होत्या," ते मला नंतर म्हणाले. "फोन हातात आला तेव्हा बंद झाल्या होत्या."

त्यांचा फोन येताच मी धावत पोहोचलो, मागच्या बाजूनं आत शिरलो. टबाच्या यंत्राचे बुडबुडे चालूच होते. ताईचं तोंड पाण्याखाली होतं.

मी दाजींना नको नको ते बोललो, तिच्या देहासमोर बोललो. त्या दिवशी तरी त्यांनी भांडायला हवं होतं.

काम त्यांनी सोडलं नाही. जड उचलता येत नाही म्हणून आता मी बरोबर जातो. दुसरं कोण आहे त्यांना? परवा एका घरी मालकानं मागची जागा दाखवली. दाजींनी रिकामा टब तिथं ठेवायला लावला आणि मालकाच्या म्हाताऱ्या आईला हात धरून त्यात बसवलं.

"आजी, आम्ही पुढच्या खोलीत जातो. मग हाक मारा. मोठ्यानं नको, दुखताना जेवढा आवाज निघतो तेवढाच."

मालक हसायला लागला. आम्ही पुढच्या खोलीत येऊन उभे राहिलो. हाक आली. मला ती अगदी स्वच्छ ऐकू आली.

दाजी दाराच्या चौकटीला धरून उभे होते. "आणखी एकदा मारायला सांग," ते म्हणाले.

मी जाऊन सांगितलं. हाक पुन्हा आली.

"आणखी एकदा," दाजी म्हणाले. "थांबू नका म्हणावं."