साहेब मागे उभे असताना

साठेबाई संगणकाला हात लावण्याआधी बांगड्या उतरवून डब्याच्या झाकणात ठेवत. सरकारी कचेरीतल्या टायपिस्टची नोकरी लवकर सोडून त्या गुडगावला आमच्या नव्या कंपनीत आल्या होत्या. रोज दिल्लीतल्या आर. के. पुरमहून येत. "तिकडे खुर्चीला टॉवेल होता, इथे चाकं आहेत. बाकी तेच," असं म्हणत.

टाइप करणाऱ्याच्या बोटांच्या लयीवरून माणूस ओळखणारा प्रोग्रॅम आम्ही बनवला होता. पासवर्ड चोरता येतो, हात चोरता येत नाही, हे वाक्य कंपनीच्या साहेबांना फार आवडे. उद्घाटनाला नारळ फुटला आणि पहिला नमुना द्यायला साठेबाईंना बसवलं. साहेब सफारी घालून थेट त्यांच्या खुर्चीमागे उभे राहिले.

दुसऱ्या दिवसापासून यंत्र बाईंना आत घेईना. त्यांच्या नावाने कुणी परकं शिरू पाहतंय, असं ते रोज कळवी. बाईंनी पासवर्ड कुणाला तरी सांगितला, असा साहेबांनी निष्कर्ष काढला. "मशीन झूठ नहीं बोलती, मॅडम." बाईंची नोकरी अजून पक्की झाली नव्हती.

"अरे देशमुख, मी मीच आहे ना?" त्यांनी मला विचारलं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत मी होतो, त्यामुळे प्रश्न अध्यात्माचा नव्हता.

शेवटी साहेब स्वतः तपासायला आले. मागे उभे राहून म्हणाले, "करो टाइप." बाईंचे खांदे वर गेले, बोटं परीक्षेला बसल्यासारखी पडू लागली, आणि यंत्र उघडलं. साहेब फोन घ्यायला गेले. यंत्राने नकार दिला. परत आले, उघडलं.

"म्हणजे याला माझी धडधडच तेवढी माहीत आहे," बाई हळूच म्हणाल्या.

"तो क्या मैं रोज़ यहाँ खड़ा रहूँ?" साहेबांनी विचारलं.

"नहीं सर. आप चाय लीजिए," बाई म्हणाल्या.

नवा नमुना साहेब नोएडाला गेले असताना घेतला. बाई मला घरच्या कढीलिंबाच्या कुंडीबद्दल सांगत टाइप करत होत्या. नोकरी पक्की झाली. आता उलटंच झालं: साहेब जवळ आले की यंत्र अडे. बाई म्हणत, "सर, ज़रा दूर हो जाइए, शरमाती है ये."

पुढे त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी भाषणाआधी शेवटचं काम आटपायला त्या बसल्या. बांगड्या झाकणात गेल्या. साहेब हार घेऊन अगदी पाठीशी उभे. आता यंत्र अडणार, असं मी धरून चाललो.

यंत्र पहिल्याच वेळी उघडलं.

बाईंनी काम संपवलं, बांगड्या चढवल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, "बोलिए सर, आपका भाषण रह गया."